क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? ख्रिस्ती माणसासाठी, पायरी पायरीने

दर रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना होते आणि त्यात ती ओळ येते, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." लहानपणापासून पाठ असल्यामुळे बहुतेकांच्या तोंडून ती सहज निघून जाते, पण ज्याच्या मनात एखादं नाव अडकून बसलंय, नवऱ्याचं, सासूचं, भावाचं, चर्च कमिटीतल्या कुणाचं, तो दर आठवड्याला तिथे अडखळतो. पाळकांना किंवा फादरांना विचारलं तर उत्तर येतं, माफ करून टाका, मनाला शांती मिळेल. बरोबरच आहे ते. पण माफ करायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणी बसून सांगत नाही, मग माणूस मनातल्या मनात "मी माफ केलं" म्हणतो, दोन दिवसांनी तोच राग परत वर येतो आणि त्यावर आणखी एक ओझं, की आपला विश्वासच कमी पडतोय. भगिनी मंडळात हे इतक्या जणींकडून ऐकलंय की शेवटी सगळं एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

माझं म्हणणं असं आहे की हिशोब मांडल्याशिवाय क्षमा होत नाही. आपल्यातले बरेचजण हिशोब न बघताच घाईघाईने "जाऊ दे" म्हणतात, आणि जे बघितलंच नाही ते जातही नाही.

सुरू करण्याआधी, क्षमा म्हणजे काय नाही

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. क्षमा म्हणजे जे झालं ते ठीक होतं असं म्हणणं नाही. क्षमा म्हणजे विसरणं नाही. क्षमा म्हणजे पोलीस कंप्लेंट मागे घेणं नाही, आणि मारणाऱ्या नवऱ्याकडे परत राहायला जाणं तर अजिबात नाही.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण बघा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलं, फिलिप १० वर्षांचा आणि टिमोथी ६ वर्षांचा, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून तिघांना जाळून मारलं. ग्लॅडिसनी खुन्यांना माफ केल्याचं जाहीरपणे सांगितलं, पुढची काही वर्षं बारीपदाला राहून कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं, २००५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनी माफ केलं म्हणून खटला थांबला नाही. तो चालला, शिक्षा झाली आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. माफी त्यांनी त्यांच्या मनातून दिली, न्याय कोर्टाने त्याच्या जागी केला, दोन्हीत काही भांडण नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात प्रेषित पौल सूड देवावर सोपवायला सांगतो आणि लगेच पुढच्याच, १३ व्या अध्यायात गुन्हेगाराला शिक्षा करायचा अधिकार सरकारचा आहे असं लिहितो. हे दोन अध्याय एकत्र वाचा.

म्हणून घरात मारहाण चालू असेल तर खालच्या पायऱ्या नंतर, आधी सुरक्षित जागा. महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं तर पोक्सो कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे, करणारा घरचा असो की चर्चमधला, आणि तिथे "माफ करा, चर्चचं नाव खराब होईल" असं कुणी सांगत असेल तर ते शुभवर्तमान नाही एवढं मी ठामपणे सांगते.

पायरी १: वही घ्या आणि हिशोब मांडा

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा का? येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा, आणि लगेच एक दाखला सांगतो. तो दाखला सुरू कसा होतो ते बघा, एका राजाला आपल्या चाकरांचा हिशोब घ्यावासा वाटला. म्हणजे कर्ज सोडण्याच्या आधी हिशोब आहे, रक्कम समोर मांडलेली आहे. पहिल्या चाकराचं देणं १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! आजचा रोज ५०० रुपये धरला तर ३,००० कोटी. राजाने ते सोडलं. आणि त्याच चाकराने बाहेर जाऊन ज्याची मानगूट धरली त्याचं देणं १०० दिनार, म्हणजे त्याच हिशोबाने ५०,००० रुपये.

प्रवचनात बहुतेक वेळा हे १०० दिनार म्हणजे अगदीच किरकोळ असं सांगतात. पण शंभर दिवसांची मजुरी ही कुठल्याही गरीब माणसासाठी मोठी रक्कम आहे. तुमचं काहीच बुडालं नाही असं येशू म्हणत नाही. तुमचे ५०,००० खरंच गेलेत.

तर साधी शाळेची वही घ्या, मोबाइलमध्ये टाइप करू नका, तासभर कुणी येणार नाही अशी वेळ बघा, शक्यतो दिवसा, रात्री झोपायच्या आधी नको. पानावर दोन रकाने करा, काय झालं आणि माझं काय गेलं. समजा भावाभावांचं आहे, जे आपल्याकडे घरोघरी असतं, तर पान काहीसं असं दिसेल:

"बाबांच्या दफनानंतर महिन्याच्या आत दादाने कोऱ्या कागदावर सही घेतली. – माझा जागेतला हिस्सा."

"घर विकलं ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. – दादावरचा विश्वास. मी त्याला बाबांच्या जागी मानायचो."

"आईला शेवटची दोन वर्षं मी आणि बायकोने सांभाळलं, आणि ती गेल्यावर पाहुण्यांसमोर वहिनी म्हणाली, पेन्शनसाठी सांभाळली. – आईच्या शेवटच्या दिवसांची आठवण. ती पण आता नासली."

हे लिहिताना बऱ्याच लोकांना पहिल्यांदाच कळतं की आपण भांडत होतो सातबाऱ्यावरून पण आत दुखत होतं ते तिसऱ्या ओळीत. उजवा रकाना नीट लिहा, तोच खरा हिशोब आहे. "तो वाईट आहे", "ती तसलीच आहे" असं लिहू नका, काय केलं आणि काय गेलं तेवढंच, आणि वाढवून पण नको आणि "जाऊ दे, घरचंच माणूस आहे" म्हणून कमी करून पण नको. एका बैठकीत होत नसेल तर दोन-तीन बैठकीत करा. आणि वही कपाटात कुलपात ठेवा, हे पान कुणाला दाखवायसाठी नाही.

पायरी २: ती वही देवापुढे वाचा, जशी आहे तशी

आपल्याला शिकवलंय की प्रार्थना म्हणजे गोड आवाजात, स्तुतीने सुरू आणि आमेनने बंद. बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, उघडून बघा, तिथे असं काही नाही. १३ वं स्तोत्र सुरुवातीलाच देवाला परत परत विचारतं, कोठवर? ५५ व्या स्तोत्रात माणूस म्हणतो की शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा मित्र, याच्याबरोबर मी देवाच्या घरात जात होतो. १०९ वं स्तोत्र तर इतकं कडक आहे की चर्चमध्ये मोठ्याने वाचायला लोक बिचकतात. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि माझ्या मते ते तिथे आहे ते याच कारणासाठी, की हा राग कुठेतरी ओतायचा आहे तर तो माणसाच्या अंगावर ओतण्यापेक्षा देवापुढे ओतावा.

दार लावा, वही मोठ्याने वाचा, मधे मधे ५५ वं स्तोत्र वाचा, रडू आलं तर रडा. लगेच क्षमेच्या प्रार्थनेकडे पळू नका. ही पायरी काही दिवस, काही आठवडे चालली तरी चालेल. जखम मोठी असेल तर महिने.

पायरी ३: आपलं देणं

ही पायरी नाजूक आहे. याचा अर्थ "टाळी एका हाताने वाजत नाही" असा नाही, कधी कधी ती एकाच हाताने वाजते, ज्या मुलीवर अत्याचार झाला तिने त्यात स्वतःची चूक शोधायची नाही, कधीच नाही. इथे प्रश्न त्या भांडणातल्या चुकीचा नाही, आपल्या आयुष्याच्या त्या ३,००० कोटींचा आहे, जे ख्रिस्ताने फेडले असं आपण मानतो. जो माणूस स्वतः माफ झालाय हे आतून जाणतो त्याच्याकडेच दुसऱ्याला द्यायला काहीतरी असतं, नाहीतर क्षमा नुसती दात-ओठ खाऊन केलेली ड्युटी होते.

कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा. वर्षानुवर्षं गेला नसाल तरी जा, फादरांना सरळ सांगा की खूप वर्षांनी आलोय, कसं बोलायचं आठवत नाही, ते मदत करतात, आणि तिथे बोललेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत. जाण्याआधी थोडा वेळ शांत बसून विवेकाची तपासणी करा, आणि त्यात हेही सांगा की अमुक एकाबद्दल माझ्या मनात द्वेष आहे, तो मला सोडवत नाहीये. प्रोटेस्टंट असाल तर ५१ वं स्तोत्र घेऊन देवापुढे बसा, आणि शक्य असेल तर याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं एका भरवशाच्या माणसापाशी बोला. एकाच. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरोघरच्या प्रार्थना सभेत, सगळ्यांसमोर "प्रार्थना विनंती" म्हणून नको, तिथून ती कुठे कुठे पोचते हे आपल्याला माहीत आहे.

पायरी ४: कर्ज सोडल्याचं तोंडाने म्हणा

आता मुख्य काम. क्षमेवर अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ यात दोन गोष्टी वेगळ्या मानतात, एक क्षमेचा निर्णय आणि दुसरी मनातली भावना बदलणं. निर्णय एका दिवसात होऊ शकतो, भावना मागून हळूहळू येते. भावना यायची वाट बघत निर्णय थांबवला तर वर्षं निघून जातात, आणि निर्णय घेतला की लगेच भावना बदलली पाहिजे असं धरलं तर माणूस निराश होतो. आपल्या हातात निर्णय आहे, तो घ्या.

वही उघडा, एकेक ओळ वाचा, आणि उजव्या रकान्याचं नाव घेऊन म्हणा. "प्रभू, दादाने माझा विश्वास तोडला. त्याची किंमत मी भोगली. ती त्याच्याकडून वसूल करायचा हक्क मी आज तुझ्या हातात देतो." मग पुढची ओळ. सगळं मिळून एकदम "सगळं माफ" असं म्हणू नका, एकेक करा. एखादी ओळ नाही झाली तर ती तशीच ठेवा, खाली रेघ मारा, पुढच्या वेळी बघू.

आणि काहीच तोंडातून निघत नसेल तर? वधस्तंभावर येशूने काय म्हटलं ते आठवा, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, त्यातला हा पहिला. त्याने सैनिकांकडे बघून "मी तुम्हाला माफ केलं" असं म्हटल्याचं तिथे नाही, त्याने पित्याला सांगितलं, तू कर. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याच्यावर दगड पडत होते तेव्हा त्याने पण प्रभूलाच विनवलं. तुम्हीही सुरुवात इथून करू शकता, मला जमत नाहीये, तू त्यांना क्षमा कर आणि मला तिथपर्यंत ने. ही अर्धवट प्रार्थना नाही, दुखावलेल्या माणसाची ही पूर्ण प्रार्थना आहे.

पायरी ५: परत राग आला की

येणारच. एखाद्या लग्नात समोर दिसले, फॅमिली ग्रुपवर त्यांनी नवीन गाडीचा फोटो टाकला, ते घडलं होतं ती तारीख परत आली, की पोटात परत तेच. याचा अर्थ क्षमा खोटी होती असा नाही. साताच्या सत्तर वेळा हे आपण नेहमी असं समजतो की समोरच्याने चारशे नव्वद चुका केल्या तरी, पण एकाच चुकीला एवढ्या वेळा सोडावं लागतं हे ज्याने मनापासून प्रयत्न केलाय त्याला कळतं. तेव्हा एवढं करा, वहीत निर्णयाची तारीख लिहून ठेवा, राग वर आला की म्हणा, हे मी त्या दिवशी देवाला दिलंय, आजही देतो. नवीन खटला उभा करू नका. ग्रुप म्यूट करा, डीपी आणि स्टेटस उघडून बघायची सवय असेल तर ती बंद करा, ती खपली काढणंच आहे.

मग त्या माणसासाठी रोज एक वाक्य प्रार्थना. मत्तय ५:४४ मध्ये येशू हेच सांगतो, जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. "प्रभू, त्याला सुबुद्धी दे" ही नको, त्यात टोमणा असतो. त्याची मुलगी दहावीला असेल तर तिच्या परीक्षेसाठी करा, वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर त्यासाठी करा. सुरुवातीला शब्द घशात अडकतात. तरी करा, कारण ज्याच्या गुडघ्यासाठी आपण रोज देवाजवळ बोलतो तो हळूहळू परत माणूस दिसायला लागतो, आणि मला वाटतं शांती खऱ्या अर्थाने इथे यायला लागते, चौथ्या पायरीला नाही. एक दिवस लक्षात येतं की सकाळपासून त्यांचा विचारच आला नाही.

मात्र झोप उडालीय, जेवण जात नाही, जगूच नये असं वाटतंय, तर हे प्रार्थनेत कमी पडल्याचं लक्षण नाही, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस लाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

स्वतःला माफ होत नसेल तर

येशूला पकडलं त्या रात्री पेत्र कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना येशूबद्दल तीन वेळा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर योहानाच्या २१ व्या अध्यायात येशू किनाऱ्यावर पुन्हा कोळशाच्याच विस्तवाजवळ त्याला तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि प्रत्येक वेळी त्याला काम देतो. तो प्रसंग झाकला नाही, तिथेच परत नेलं. तेव्हा आपल्या चुकीचंही नाव घ्या, कबूल करा, आणि भरपाई शक्य असेल तर ती करा. लोकांकडून जकात वसूल करणाऱ्या जक्कयने येशूला भेटल्यावर चौपट परत देईन म्हटलं. घेतलेले पैसे परत करा, पसरवलेली खोटी गोष्ट ज्यांना सांगितली त्यांना जाऊन खरं सांगा. एवढं केल्यावर त्याच पापासाठी रोज स्वतःला झोडपत राहणं म्हणजे देवाने फाडलेली चिठ्ठी आपण चिकटवत बसण्यासारखं आहे.

नातं परत जोडायचं का?

क्षमा एकट्याने होते, समेटाला दोघे लागतात. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातला योसेफ १७ वर्षांचा असताना भावांनी त्याला विकलं, ते परत समोर आले तेव्हा मधे वीसेक वर्षं गेली होती, आणि त्याने लगेच मिठी मारली नाही. धान्य दिलं, पण ओळख दिली नाही, पारखलं, आणि धाकट्या बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा असं त्यांच्यातला यहूदा म्हणाला तेव्हा त्याला कळलं की हे आता ते भाऊ राहिले नाहीत. मगच तो भावांसमोर मोठ्याने रडला आणि सांगितलं, मी योसेफ. विश्वास परत येतो तो वागणुकीवरून, नुसत्या सॉरीवरून नाही, आणि ते बघायला वेळ घेणं पाप नाही.

कधी कधी वेळ घेऊनही क्षमा अशी जागा गाठते की आपण थक्क होतो. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांचा बसमध्ये भोसकून खून झाला. सात वर्षांनी त्यांची सख्खी बहीण, ती पण सिस्टर, जेलमध्ये गेली आणि त्या खुन्याला राखी बांधली. पुढे तो सुटला, त्या कुटुंबाने त्याला आपलं मानलं. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं गेलं. हे सगळ्यांनी केलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, ती कृपा आहे.

तुम्हाला पाऊल टाकायचं असेल तर आधी फोन, लांबलचक मेसेज नको. लग्नाचा, नाताळचा, मयताचा दिवस नको. बोलायचं तीन वाक्यं, "दादा, आपल्यात जे झालं त्याचं मला खूप लागलं होतं. ते मी मनातून सोडलंय. तुला बोलावंसं वाटलं तर मी आहे." एवढंच, पुढे गप्प बसा. "तू पण चुकलास ना" इथे सुरू करू नका. समोरच्याला त्याने काही केलंय हेच मान्य नसेल आणि तुम्ही फोन करून "मी तुला माफ केलं" म्हणालात तर नवीन भांडण होतं, तेव्हा अशा वेळी क्षमा तुमच्या आणि देवाच्या मधेच ठेवा. व्यवहाराचं वेगळं, हिस्सा मागायचा असेल तर वकिलामार्फत शांतपणे मागा, पुढच्या वेळी कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, भाऊ बोलत नाही तर मी प्रभुभोजन किंवा कम्युनियन घ्यावं का? मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. म्हणजे चूक तुमची असेल तर जा, आजच जा. पण तुम्ही गेलात, फोन केलात, आणि तिकडून दार बंद असेल, तर पौलाने लिहिलंय, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. तुमच्याकडून झालंय. पुढे या आणि घ्या.